स्थानिक झाडांचा वसंतोत्सव: पान कोण खातं, हे आधी विचारा

ऑस्ट्रेलियात वसंत ऋतू सप्टेंबरात सुरू होतो आणि १ सप्टेंबरला तिथे ‘वॉटल डे’ साजरा होतो. वॉटल म्हणजे बाभळीच्या भाऊबंदांतली झाडं. त्यातल्या गोल्डन वॉटलला १९८८ साली राष्ट्रीय फुलाचा दर्जा मिळाला आणि १९९२ पासून हा दिवस देशभर एकाच तारखेला पाळला जाऊ लागला. लोक पिवळ्याधमक फुलांची डहाळी कपड्यांवर लावतात, रोपं लावतात.

हेच झाड दक्षिण आफ्रिकेत सरकारी यादीत घुसखोर म्हणून नोंदलेलं आहे. तिथे ऑस्ट्रेलियातून गेलेली वॉटलची अनेक झाडं रानात शिरली, नदीकाठ व्यापून बसली आणि पाणी पिऊ लागली. ती काढण्यासाठी १९९५ साली ‘वर्किंग फॉर वॉटर’ हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि त्यातून बेरोजगारांच्या हातात कुऱ्हाड-करवत आली. गोल्डन वॉटलसाठी तर ऑस्ट्रेलियातलाच एक चिमुकला कीटक मुद्दाम आणून सोडला गेला. तो फुलांच्या जागी गाठी पाडतो, त्यामुळे झाडाला बी धरत नाही. म्हणजे एका देशाचं मानचिन्ह दुसऱ्या देशाची डोकेदुखी. त्याहून गंमत अशी, की हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातलं. त्याच देशाच्या पश्चिम टोकाला ते रानात दिसलं, तर तिथले निसर्गरक्षक त्याला तणच म्हणतात.

वसंतात जगभर ठिकठिकाणी स्थानिक वनस्पतींचे उत्सव भरतात. रोपांची विक्री, रानफुलं बघायला काढलेली फेरी, मुलांसाठी मातीत हात घालायचे खेळ, एखादं व्याख्यान. अमेरिकेच्या सिनेटने २०२१ पासून एप्रिल हा ‘स्थानिक वनस्पतींचा महिना’ म्हणून मानायला सुरुवात केली. पर्थच्या किंग्ज पार्कमधला सप्टेंबरातला फुलांचा उत्सव तर कितीतरी जुना आहे. पण अशा उत्सवात फिरताना पाटीवर ‘स्थानिक’ असं लिहिलेलं दिसलं की बहुतेकांचं समाधान होतं, आणि खरी मेख तिथेच असते. वॉटलकडे बघितलं तर लक्षात येतं, की ‘हे झाड स्थानिक आहे का?’ हा प्रश्न अर्धाच आहे. कुठलं स्थानिक, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

स्थानिक म्हणजे नेमकं कुठलं, आणि कधीपासूनचं?

ढोबळ व्याख्या सोपी आहे. माणसाने न आणता जी वनस्पती एखाद्या प्रदेशात पोचली आणि तिथल्या माती-पावसाशी, प्राणी-कीटकांशी जुळवून घेत घडली, ती तिथली स्थानिक. यात देशाच्या सीमेला अर्थ नाही. बियाणं पासपोर्ट बघत नाही. डोंगराच्या वाऱ्याकडच्या उतारावरचं झाड पलीकडच्या कोरड्या बाजूला परकं असू शकतं आणि हजार किलोमीटरवरच्या तशाच उतारावर घरचं असू शकतं.

काळाची रेघ मात्र माणसांनी सोयीने ओढलेली आहे. अमेरिका खंडात साधारणपणे युरोपीय लोक येण्याआधी जे होतं, ते स्थानिक मानतात. युरोपात शेतीबरोबर फार पूर्वी आलेल्या तणांना एक वेगळं नाव आहे आणि सुमारे १५०० सालानंतर आलेल्यांना वेगळं. कारण कोलंबसानंतर जहाजांची ये-जा वाढली आणि वनस्पतींच्या प्रवासाचा वेगच बदलला. या रेघेवरून वनस्पतिशास्त्रज्ञ आपसांत वाद घालतात आणि घालत राहतील. उत्सवाला आलेल्या माणसाने त्यात फार अडकायचं कारण नाही.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाकावा. बाहेरून आलेलं प्रत्येक झाड वाईट नसतं. गुलमोहर मादागास्करचा, पण उष्ण प्रदेशांतल्या कितीतरी शहरांत तो रस्त्याकडेला निमूट उभा असतो. जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी मंचाने, म्हणजे आयपीबीईएसने, २०२३ साली एक मोठा अहवाल दिला. माणसाने जगभर इकडून तिकडे नेलेल्या जीवजाती ३७ हजारांवर आहेत. त्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक जाती नुकसान करणाऱ्या, म्हणजे आक्रमक. वनस्पतींपुरतं बोलायचं, तर बाहेरून आलेल्यांपैकी सुमारे ६ टक्केच आक्रमक ठरल्या आहेत. पण तेवढ्यांनीही काय केलंय ते बघा: घाणेरी बागेची शोभा म्हणून उष्ण अमेरिकेतून निघाली आणि आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलियातल्या जंगलांचा तळ तिने झाकून टाकला. जलपर्णीही तिच्या जांभळ्या फुलांसाठीच दक्षिण अमेरिकेतून जगभर नेली गेली. त्याच अहवालानुसार जगात नोंदल्या गेलेल्या जीवजातींच्या विलोपनांपैकी ६० टक्क्यांमध्ये आक्रमक जीवांचा हात आहे, कधी एकट्यांचा, कधी इतर कारणांच्या जोडीने.

तेव्हा ‘परकं ते वाईट’ हा युक्तिवाद कमजोर आहे. स्थानिक झाडांच्या बाजूचा भक्कम युक्तिवाद वेगळाच आहे आणि तो पानांच्या भोकांत आहे.

भोकं पडलेलं पान

झाड पळू शकत नाही, म्हणून ते रसायनांनी लढतं. पानांत कडू, चिकट, विषारी द्रव्यं साठवतं. प्रत्येक कुळाचं विष निराळं. ते पचवायचं, तर कीटकाला पिढ्यान् पिढ्या त्याच झाडावर काढाव्या लागतात. पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन या शास्त्रज्ञांनी १९६४ साली फुलपाखरं आणि त्यांच्या अळ्यांच्या खाद्य वनस्पती यांचा मेळ घालून हेच मांडलं: झाड नवं विष शोधतं, एखादा कीटक त्यावर उतारा शोधतो, आणि या चढाओढीत दोघंही घडत जातात. याचा परिणाम असा, की पानं खाणारे बहुतेक कीटक एकदोन कुळांपलीकडे तोंड घालूच शकत नाहीत.

मोनार्क फुलपाखराचा सुरवंट मिल्कवीडशिवाय दुसरं काही खात नाही. मिल्कवीडच्या चिकात हृदयावर परिणाम करणारं विष असतं. सुरवंट ते पचवतो, अंगात साठवतो आणि स्वतःच कडू होऊन पक्ष्यांपासून वाचतो. त्याचंच चुलतभावंड असलेलं ‘प्लेन टायगर’ फुलपाखरू आफ्रिका-आशियात मिल्कवीडच्याच कुळातल्या रुईवर अंडी घालतं. रुई उपटून तिथे परदेशी शोभेची झुडपं लावली, तर त्यांची फुलं चाखायला प्लेन टायगर येईलही, पण त्याची पुढची पिढी तिथे जन्मणार नाही.

नेमका इथेच लोकांचा घोटाळा होतो. फुलावर फुलपाखरू बसलं की झाड उपयोगाचं, असं आपण धरून चालतो. पण मकरंद म्हणजे पाणपोई; वाटेने जाणारा कुणीही थांबतो आणि पिऊन जातो. चीनमधून आलेलं बडलिया हे झुडूप तर ‘बटरफ्लाय बुश’ या नावानेच विकलं जातं, कारण त्यावर फुलपाखरांचे थवे लोटतात. परक्या मुलखात त्याच्या पानांवर वाढणारे सुरवंट मात्र जवळजवळ नसतात, आणि बी उडून नदीकाठी नवी झुडपं उगवतात ती वेगळीच. फुलाला भेट देणाऱ्यांपेक्षा पान खाणाऱ्यांची मोजणी केली, तर झाडाची त्या जागेशी किती सोयरीक आहे ते कळतं.

अमेरिकेतले कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांनी ही मोजणी लोकांपर्यंत नेली. त्यांच्या भागात ओकच्या झाडांवर ५०० हून अधिक जातींचे पतंग आणि फुलपाखरं वाढतात. आशियातून आणलेल्या गिंको वृक्षावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. हे सुरवंट कुणाला हवेत? पक्ष्यांना. कॅरोलायना चिकडी हा चिमणीपेक्षाही लहान पक्षी एका वेळची पिल्लं उडती करण्यासाठी ६ ते ९ हजार सुरवंट घरट्यात आणतो. दाणे खाऊन जगणारे पक्षीसुद्धा पिल्लांना बहुतेक वेळा कीटकच भरवतात, कारण पिल्लाला मऊ, प्रथिनांनी भरलेलं अन्न लागतं. डेझिरे नारांगो, टॅलमी आणि पीटर मारा यांनी वॉशिंग्टन डी.सी. परिसरातल्या घरांच्या आवारांत अभ्यास केला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या आवारातल्या झाडोऱ्याचा साधारण ७० टक्के किंवा जास्त जैवभार, म्हणजे खोड-फांद्या-पानांचा एकूण भार, स्थानिक होता, तिथेच चिकडींची संख्या टिकत होती. त्याहून कमी असेल, तर पिल्लं पुरेशी जगत नव्हती.

या आकड्याची एक बाजू मला फार आवडते. ७० टक्के म्हणजे १०० नव्हे. आजीने लावलेला परदेशी गुलाब उपटायची गरज नाही.

म्हणून उत्सवात रोपं मांडताना फुलांच्या फोटोशेजारी ते झाड खाणाऱ्या सुरवंटाचा फोटो लावावा, असं माझं मत आहे. विक्रेत्यांना ते पटत नाही, कारण कुरतडलेल्या पानाचं रोप कुणी उचलत नाही. पण ज्या पानाला वर्षानुवर्षं एकही भोक पडत नाही, ते झाड तिथल्या खाणाऱ्यांना नाहीच असं समजायचं.

वसंतातच का?

समशीतोष्ण प्रदेशांतल्या जंगलात वसंताची एक लहानशी खिडकी असते. बर्फ वितळलेलं असतं, मोठ्या झाडांना अजून पालवी फुटलेली नसते, आणि ऊन थेट जमिनीवर पडतं. तेवढ्या काही आठवड्यांत जमिनीलगतची फुलझाडं उगवतात, फुलतात, बी धरतात, आणि वर पानांचं छत दाटलं की कित्येक जाती पुन्हा जमिनीखाली गडप होतात. त्यांचे सोबतीही त्याच घाईत. अमेरिकेच्या पूर्व भागात ‘स्प्रिंग ब्युटी’ नावाचं इवलंसं गुलाबी-पांढरं फूल आहे. एक छोटी एकांडी मधमाशी आपल्या पिल्लांसाठी पराग जवळजवळ फक्त त्याच्याकडूनच गोळा करते. यांतल्या अनेक झाडांच्या बियांना तेलकट गोळा चिकटलेला असतो. मुंग्या त्या लोभाने बी वारुळात नेतात, गोळा खातात आणि बी खतावर टाकून देतात. जगात निदान ११ हजार जातींच्या वनस्पती अशा मुंग्यांच्या भरवशावर आहेत. मुंगीची धाव किती? काही मीटर. त्यामुळे एकदा जंगल तोडलं की ही फुलं आपणहून परत यायला पिढ्या जातात.

आता याच जंगलात लसणाच्या वासाची एक मोहरी शिरली आहे, गार्लिक मस्टर्ड. युरोपातली ही पालेभाजी उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा १८६८ साली लाँग आयलंडवर नोंदली गेली. ती मुळांतून अशी रसायनं सोडते, की झाडांच्या मुळांशी भागीदारीत राहणारी बुरशी दुबळी होते. वेस्ट व्हर्जिनिया व्हाइट नावाचं फुलपाखरू तिला आपल्या ओळखीच्या रानमोहरीपैकी समजून तिच्यावर अंडी घालतं, आणि अंड्यातून निघालेल्या अळ्या मरतात. वासाने फसलेली आई आणि विषाने मेलेली पिल्लं. स्थानिक-परक्याचा सगळा मामला या एका उदाहरणात येतो.

शिवाय वसंताची तारीखच सरकते आहे. जपानमध्ये क्योटोच्या चेरीबहराच्या नोंदी इ.स. ८१२ पासूनच्या आहेत. २०२१ साली बहर २६ मार्चला ऐन भरात आला, तेव्हाच्या बाराशे वर्षांच्या नोंदींत सर्वांत लवकर. अमेरिकेत लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५०च्या दशकात आपल्या काँकॉर्ड गावच्या रानात कुठलं फूल आणि कुठली पालवी कधी आली, हे लिहून ठेवलं होतं. आताच्या संशोधकांनी ताळा घातला तेव्हा दिसलं, की जमिनीवरची फुलझाडं साधारण आठवडाभर लवकर पालवतात, पण मोठी झाडं दोन आठवडे लवकर. खालच्यांची उन्हाची खिडकी दोन्ही बाजूंनी सारखी सरकलेली नाही, ती अरुंद झाली आहे.

अशा नोंदी ठेवायला पदवी लागत नाही, आणि उत्सवात लोकांना लावायची सवय कुठली, तर ही. दरवर्षी त्याच झाडाखाली जायचं, कळी, फूल, पान यांची तारीख लिहायची. २००८ साली सुरू झालेल्या ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या संकेतस्थळावर फोटो टाकला की जाणकार ओळख पटवून देतात. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांनी २०१६ साली आपसांत पैज लावून सुरू केलेलं ‘सिटी नेचर चॅलेंज’, म्हणजे शहरातल्या जीवजाती नोंदवण्याची चुरस, आता जगभरातल्या शहरांत एप्रिलच्या अखेरीस होतं.

वसंत सगळीकडे सारखा नसतो, हेही इथेच सांगून टाकतो. पर्थच्या परिसरातले मूळ रहिवासी, नुंगार लोक, वर्षाचे सहा ऋतू मानतात आणि ते ठरतात तिथल्या फुलांवरून, पावसावरून, प्राण्यांच्या हालचालींवरून. अशा ठिकाणी उत्सवाची तारीख कॅलेंडरवरून न काढता त्या लोकांना विचारून काढणं शहाणपणाचं.

रोप विकत घेताना

उत्सवातली सर्वांत गजबजलेली जागा रोपांच्या टेबलाची. चौकशी करायला लाजू नये. चांगल्या रोपवाल्याला ती आवडते.

आधी शास्त्रीय नाव बघा. बोलीनावं दगा देतात. मोनार्कसाठी म्हणून ज्यांनी उत्साहाने ‘मिल्कवीड’ लावलं, त्यांतल्या कित्येकांनी बाजारात सहज मिळणारी उष्णकटिबंधीय जात लावली. अमेरिकेच्या उबदार दक्षिण भागात ती हिवाळ्यातही वाळत नाही. तिच्यावर मोनार्कच्या एका परजीवीचे बीजाणू साठत जातात आणि काही फुलपाखरं स्थलांतर सोडून तिथेच रेंगाळतात. वंश तोच, मुलूख चुकला. त्यामुळे तिथे जाणकार सांगतात, की ही जात असेल तर हिवाळ्यात ती जमिनीलगत छाटा, आणि नवी लावायची तर स्थानिक जातीचीच लावा.

नावापुढे अवतरण चिन्हात आणखी एक सुरेख नाव असेल, तर ते निवडून तयार केलेलं वाण असतं. सगळी वाणं वाया नसतात. पण दुहेरी-तिहेरी पाकळ्यांच्या फुलांत पुंकेसरांच्या जागी पाकळ्याच येतात, मग मधमाशीला काय मिळणार? हिरवी पानं लाल-जांभळी केलेली वाणंही सुरवंट कमी खातात. फक्त उंचीने बुटकं केलेलं वाण असेल, तर फारसं बिघडत नाही. आणखी एक: वाण बहुधा कलमांनी वाढवतात, म्हणजे हजार रोपं एकाच झाडाच्या प्रती. बियांपासून वाढवलेल्या रोपांत वैविध्य असतं आणि रोग आला तर ते कामी येतं. बी जितक्या जवळच्या रानातलं, तितकं उत्तम.

मग औषधफवारणीबद्दल विचारा. निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं रोपाच्या रसात भिनतात आणि पराग-मकरंदातही उतरतात. युरोपीय संघाने २०१८ साली यांतल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो मधमाश्यांसाठीच. फुलपाखरांकरता म्हणून घेतलेलं रोपच विषारी निघालं, तर काय उपयोग!

आणि सर्वांत महत्त्वाचं, रोप रानातून उपटून तर आणलेलं नाही ना? पांढरं ट्रिलियम हे उत्तर अमेरिकेतलं रानफूल घ्या. त्याचं बी रुजायला दोन हिवाळे घेतं आणि पहिलं फूल यायला सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त. तेव्हा एखादा विक्रेता फुलांनी लगडलेली ट्रिलियमची रोपं ढिगाने आणि स्वस्तात देत असेल, तर ती त्याने वाढवलेली असण्याची शक्यता कमीच. ऑर्किड आणि दुर्मीळ मांसल पानांच्या वनस्पतींचंही तेच. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातली कोनोफायटमसारखी बोटभर झाडं चोरट्या व्यापारामुळे नामशेष व्हायच्या वाटेवर आहेत. स्थानिक वनस्पतींच्या प्रेमापोटी रान ओरबाडलं जावं, याहून वाईट विनोद नाही.

‘रानफुलांचं मिश्रण’ अशी फोटोवाली पाकिटं शक्यतो टाळाच. आत कुठल्या जाती आहेत ते लिहिलेलं नसेल, तर त्यात अर्धी बियाणी भलत्याच खंडातली असू शकतात.

विकण्याइतकंच काढून टाकणंही उत्सवात बसवता येतं. ब्रॅडफर्ड पेअर हे चीनमधल्या नासपतीचं वाण अमेरिकेत वसंतातल्या पांढऱ्या बहरासाठी लाखोंनी लावलं गेलं. एकटं असताना त्याला फळ धरत नाही, म्हणून ते निरुपद्रवी वाटलं. मग शेजारी दुसरी वाणं लागली, परपरागीभवन झालं, फळं धरली, पक्ष्यांनी बिया नेल्या, आणि ओसाड शेतांत काटेरी रानं उभी राहिली. ओहायोत २०२३ पासून त्याची विक्री बंद आहे. दक्षिण कॅरोलायनात क्लेमसन विद्यापीठ ठरल्या दिवशी अदलाबदल करतं: तोडलेल्या ब्रॅडफर्डचा फोटो दाखवा आणि स्थानिक झाडाचं रोप फुकट न्या. अशा टेबलापुढे चांगली रांग लागते.

घरी नेल्यावर

‘स्थानिक झाडाला पाणी लागत नाही’ हे वाक्य उत्सवात हमखास कानावर पडतं आणि त्यापायी बरीच रोपं मरतात. मुळं खोल गेल्यावर पाणी लागत नाही, हे खरं. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातल्या काही वनस्पतींची मुळं तीन-चार मीटर खाली जातात. पण कुंडीतून काढलेल्या रोपाची मुळं कुंडीएवढीच असतात. पहिलं वर्षभर त्याला पाणी द्यावंच लागतं, आणि त्या वर्षात ते वर फारसं वाढत नाही, कारण सगळा जोर खाली लागलेला असतो. खतं मात्र नकोत. हलक्या जमिनीत घडलेली झाडं खताने लुसलुशीत होऊन आडवी पडतात. शरद ऋतूत गळलेली पानं झाडून जाळू नयेत, कारण कितीतरी पतंगांचे कोष त्याच पाचोळ्यात हिवाळा काढतात.

राहता राहिला लावण्याचा मुहूर्त. बघायला वसंत उत्तम, पण लावायला तो सगळीकडे योग्य असतोच असं नाही. जिथे थंडी कडाक्याची आणि पाऊस उन्हाळ्यात पडतो, तिथे वसंतात लावलेलं रोप जोर धरतं. मोसमी पावसाच्या प्रदेशात वसंतामागोमाग कडक उन्हाळा येतो, म्हणून पहिला पाऊस जमिनीत मुरल्यावर लावणं बरं. कॅलिफोर्निया, दक्षिण आफ्रिकेतला केप किंवा पर्थसारख्या हिवाळी पावसाच्या मुलखात वसंत म्हणजे कोरड्या महिन्यांची नांदी; तिथे लागवड शरदात, पावसाच्या तोंडावर करतात. १९६५ साली स्थापन झालेल्या ‘कॅलिफोर्निया नेटिव्ह प्लांट सोसायटी’च्या अनेक शाखा म्हणूनच रोपांची मोठी विक्री शरदात भरवतात. तिथे राहणाऱ्याने वसंतात वहीपेन घेऊन फिरावं, आवडलेल्या झाडाचं शास्त्रीय नाव, ते उन्हात होतं की सावलीत आणि त्याच्यावर कोण बसलं होतं ते टिपून घ्यावं, आणि सहा महिन्यांनी ती यादी घेऊन विक्रीला जावं.